पडद्याचे माप

ज्या वस्तू आपण दररोज पाहतो आणि म्हणूनच ज्यांचा विचार कधी करीत नाही, अशांपैकी खिडकीवरचा पडदा ही एक आहे. सकाळी तो बाजूला सारावयाचा, संध्याकाळी ओढून घ्यावयाचा, आणि दिवाळी आली की धुवावयाचा. त्याचा आपला संबंध एवढाच. परंतु या साध्या कापडाच्या मागे केवढा इतिहास उभा आहे, याची जाणीव मला ज्या प्रसंगाने झाली, तो प्रसंग आधी सांगतो.

मी तेव्हा बारा वर्षांचा असेन. इंदूरच्या आमच्या घराला पश्चिमेकडे एक मोठी खिडकी होती. माळव्यातील रात्री कितीही सुखाच्या असल्या तरी तेथील वैशाखातली तिसरी प्रहर काही सुखाची नसते. त्या खिडकीसाठी पडद्याचे कापड आणावे म्हणून आईने मला बाजारात पाठविले. मी मोठ्या ऐटीत चौकटीची उंची मोजली आणि बरोबर तेवढेच, एक बोटही अधिकउणे न करता, हातमागाचे कोरे कापड दोन पडद्यांपुरते आणले. आईने वर दांडीसाठी नेफा शिवला, खाली दुमड घातली. पहिल्याच धुण्यात कापड आटले, आणि आमचा पडदा चौकटीच्या तळापासून दीड वीत वर लोंबू लागला. उन्हाची तिरीप नेमकी त्या दीड वितीतून घरात येई. आई रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, "माप खिडकीचे घेतलेस रे बाळा, पडद्याचे कुठे घेतलेस?"

खिडकीचे माप आणि पडद्याचे माप ही दोन निराळी मापे आहेत, हे मला त्या दिवशी कळले. पुढे इतिहास वाचू लागलो तेव्हा असे दिसले की, माणसांनी आणि राज्यांनीही हीच चूक पुष्कळदा केलेली आहे.

'पडदा' हा शब्द फारसी. पण वस्तू त्याहून फार जुनी. संस्कृतात तिला 'तिरस्करिणी' म्हणत, म्हणजे झाकून टाकणारी. कालिदासाने 'कुमारसंभवा'च्या पहिल्याच सर्गात हिमालयातील गुहांच्या दारांशी लोंबणाऱ्या मेघांना तिरस्करिणीची उपमा दिली आहे. घराच्या दारावर कापड टांगण्याची चाल त्याच्या श्रोत्यांच्या परिचयाची होती, हे त्यावरून उघड होते. नाटकाच्या पडद्याला 'यवनिका' किंवा 'जवनिका' म्हणत. या 'यवनिका' शब्दावरून संस्कृत नाटक ग्रीकांकडून आले, असा तर्क गेल्या शतकाच्या आधी काही युरोपीय पंडितांनी लढविला होता. त्याला उत्तर असे मिळाले की, प्राचीन ग्रीक रंगभूमीवर तशा प्रकारचा पडदाच नव्हता; मग तो तेथून येणार कसा? फार तर ते कापड पश्चिमेकडून येत असेल, म्हणून त्याला ते नाव पडले असेल. आणि आपल्या मराठी घरांत एक पडदा असा आहे की, तो धरला जातो तोच दूर होण्यासाठी. तो म्हणजे लग्नातील अंतरपाट. मंगलाष्टके संपेपर्यंत त्याचे काम, आणि तो दूर झाला की संसाराचा आरंभ.

पडद्याचा खरा थाट मात्र घरांत नव्हे, छावण्यांत दिसत असे. औरंगजेब बादशहा १६६४ च्या अखेरीस दिल्लीहून काश्मीरकडे निघाला, तेव्हा फ्रान्स्वा बर्निये हा फ्रेंच वैद्य त्या लवाजम्याबरोबर होता. बादशाही डेऱ्यांभोवती सात-आठ फूट उंचीच्या कनातींचा कोट उभारला जाई, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या कनाती बाहेरून लाल असत, आणि आतून त्यांना मछलीपट्टणच्या हातरंगाईच्या फुलदार छिटांचे अस्तर असे. म्हणजे बाहेरच्याला सत्ता दिसावी आणि आतल्याला बाग दिसावी, अशी ती योजना. कापडाची ही नगरे कधीकधी जागीच रुजतही. ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना हे सांगावयास नकोच. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी पडली ती पुन्हा उठली नाही. कनातींच्या जागी भिंती आल्या, राहुट्यांच्या रांगांचे रस्ते झाले, आणि शहराचे नाव मात्र 'लष्कर' हेच राहिले.

आता ज्या मछलीपट्टणच्या छिटांचा उल्लेख आला, त्यांची कथा ऐकण्यासारखी आहे. कृष्णेच्या मुखाजवळचे हे बंदर गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचे, म्हणजे ज्या राज्याने हैदराबाद वसविले त्याचे. तेथील कारागीर सुती कापडाला आधी हिरडा आणि म्हशीचे दूध यांत भिजवून तयार करीत. मग लेखणीने नक्षी रेखीत. लोहाच्या पाण्याने काळी रेघ उठे; तुरटीने रेखलेल्या जागी वनस्पतीच्या मुळीचा तांबडा रंग पक्का बसे; निळीत बुडविण्याच्या वेळी जेथे निळा नको तेथे मेणाचा लेप दिला जाई. एकेक कापड असे अनेक वेळा धुतले आणि वाळविले जाई. या खटाटोपाचे फळ असे की, रंग पाण्याने उतरत नसे, उलट धुण्यागणिक अधिक खुले. त्या काळच्या युरोपला ही विद्या अवगत नव्हती. लोकर आणि रेशीम धुणे अवघड. ही छीट मात्र हलकी, धुता येणारी आणि डोळ्यांना गार वाटणारी. १६६३ साली लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याने पत्नीच्या अभ्यासिकेच्या भिंतींना लावण्यासाठी अशी एक हिंदी छीट विकत घेतल्याची नोंद केली आहे. आपल्या 'छीट' शब्दाचाच इंग्रजीत 'चिंट्झ' झाला, 'पलंगपोश'चा 'पॅलॅम्पोर' झाला, आणि कालिकतच्या नावावरून 'कॅलिको'.

अर्धे शतक लोटले नाही तोच इंग्रज घरांतील पडदे, गाद्या, पलंगांची आवरणे या हिंदी कापडाने व्यापली. तेथील लोकरीचे आणि रेशमाचे विणकर खवळून उठले. फ्रान्सने १६८६ सालीच अशा कापडावर बंदी घातली होती आणि ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने १७०० साली छापील हिंदी कापडाच्या वापरास बंदी करणारा पहिला कायदा केला. त्याने भागेना, तेव्हा १७२१ साली दुसरा केला, आणि त्यात केवळ पोशाखच नव्हे तर घरातील सामानसुमानही घातले. १७२२ च्या नाताळापासून छापील सुती कापड अंगावर घालणे जसे गुन्हा ठरले, तसेच ते घराच्या सजावटीत वापरणेही. एका बलाढ्य राष्ट्राच्या संसदेने गृहिणीच्या खिडकीवर कोणते कापड असावे याचा कायदा करावा, ही गोष्ट आज विनोदी वाटते. पण त्या विनोदाच्या तळाशी आमच्या विणकरांच्या आणि रंगाऱ्यांच्या कौशल्याची कबुली आहे.

याच कायद्यांच्या छायेत घडलेला एक प्रसंग नोंदण्यासारखा आहे. इंग्रजी रंगभूमीचा थोर नट डेव्हिड गॅरिक याने कलकत्त्यातील नाटकगृहाच्या उभारणीस साहाय्य केले, म्हणून तेथील इंग्रज व्यापाऱ्यांनी कृतज्ञतेने त्याच्याकडे छिटांची भेट पाठविली. गॅरिकच्या पत्नीने तिचे पलंगाचे पडदे करावयाचे योजिले. पण १७७५ च्या सुमारास जकातखात्याने ते निषिद्ध कापड जप्त केले. रंगभूमीवरील पडद्याच्या या सम्राटाला शयनगृहातील पडद्यासाठी सरकारी अधिकाऱ्यांकडे अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. तो पलंग आणि त्या छिटा आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ज्यांनी त्या रंगविल्या त्या कारागिरांचे एकही नाव मात्र कोठे नोंदलेले नाही.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. बंदीच्या आडोशाला इंग्रजांनी छपाईची विद्या आत्मसात केली, मग कातण्या-विणण्याची यंत्रे काढली, आणि एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरचे छापील कापड आपल्याच बाजारांत स्वस्तात येऊन पडले. ज्या देशाने जगाच्या खिडक्या सजविल्या, त्याच्या खिडक्यांवर परक्या गिरण्यांचे पडदे लोंबू लागले. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत ज्या विलायती कापडाच्या होळ्या झाल्या, त्यांच्या ज्वाळांत हा सारा इतिहास होता.

कापडाबरोबर दुसरीही एक चूक आली. युरोपातील जाड, अस्तराचे, जमिनीपर्यंत पोहोचणारे पडदे हे थंडीसाठी असतात. शेगडीची ऊब बाहेर जाऊ नये आणि फटीतला गार वारा आत येऊ नये, हे त्यांचे काम. आपल्याकडील गरज नेमकी उलटी आहे. ऊन अडावे पण वारा अडू नये, यासाठी आपल्या लोकांनी बांबूच्या कामट्यांचे चिक केले, वाळ्याच्या ताट्या करून त्यांवर पाणी शिंपडले. अकबराच्या काळातील वाळ्याच्या गार दालनांचे वर्णन अबुल फझलने करून ठेवले आहे. गोव्यातील जुन्या घरांत तर याहून सुंदर युक्ती आहे. खिडक्यांच्या लाकडी चौकटींत काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवीत. त्यांतून चांदण्यासारखा मऊ प्रकाश आत येतो, पण ऊन येत नाही आणि नजरही येत नाही. पडद्याविना पडदा, असेच त्याला म्हटले पाहिजे. हे सर्व सोडून ज्यांनी केवळ थाटासाठी दिवाणखान्यात मखमलीचे जाड पडदे टांगले, त्यांनी खिडकी मोजली. पण हवा मोजली नाही.

आता नजरेचा विषय निघालाच आहे, तर पडद्याच्या सर्वांत कठीण अर्थाकडे वळले पाहिजे. कापडाचा एक तुकडा उन्हासाठी टांगला तर ती सोय होते; तोच घरातील स्त्रीवर टांगला तर ती शिक्षा होते. मराठ्यांत मुळात ही चाल रूढ नव्हती. सर जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानाच्या वृत्तान्तात हे स्पष्ट नोंदले आहे. अहिल्याबाई होळकर रोज खुल्या दरबारात बसून राज्यकारभार पाहत, असे तो त्याच ठिकाणी सांगतो. परंतु पुढे अनेक सरदार घराण्यांत वैभवाचे आणि कुलीनतेचे लक्षण म्हणून गोषा शिरला. ज्या घराण्यांच्या पूर्वज स्त्रिया घोड्यावर बसत, त्यांच्या लेकी-सुना चिकाच्या फटीतून जग पाहू लागल्या. तो पडदा किती उंच, किती जाड, कोठपर्यंत असावा, हे ठरविणारे हात त्यांचे नव्हते. ही कोंडी फोडणाऱ्यांत बडोद्याच्या महाराणी दुसऱ्या चिमणाबाई गायकवाड यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. त्यांनी स्वतः पडदा सोडला, हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर १९११ साली इंग्रजीत एका सहलेखकासह ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९२७ साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. स्वतःच्या खिडकीचा पडदा स्वतःच्या हाताने सारण्याचा हक्क ही लहान गोष्ट नाही; तो मिळण्यास पिढ्या लागल्या आहेत.

आता मापाच्या साधनाविषयी. आपल्या पूर्वजांची मोजपट्टी त्यांच्या शरीरातच होती. बोट, मूठ, वीत, हात. ही साधने हरवत नाहीत हे खरे; पण तुमचा हात आणि दुकानदाराचा हात सारखा नसतो, हेही तितकेच खरे. म्हणून राजसत्तेने गज ठरविला. पण गजही एक नव्हता. अकबराच्या काळी कापडासाठी ४६ अंगुळांचा गज निराळा होता, आणि जमिनीसाठी निराळा. ही बजबजपुरी मोडण्यासाठी त्याने आपल्या कारकिर्दीच्या एकतिसाव्या वर्षी ४१ अंगुळांचा एकच 'इलाही गज' सर्व कामांसाठी जाहीर केला. बादशाही हुकूम निघाला, तरी बाजाराने आपले गज जपलेच. इंग्रजी अमदानीत मुंबईकडे गज २४ तसूंचा, म्हणजे २७ इंचांचा असे. बंगालकडे तो ३६ इंचांचा. आणि उत्तरेत इलाही गज ३३ इंचांचा धरला गेला. मुंबईचा मनुष्य कलकत्त्यास गेला आणि चार गज कापड मागू लागला तर त्याला पूर्ण दोन हात अधिक कापड पदरात पडावे. तोच कलकत्त्याचा मनुष्य मुंबईस आला तर त्याचा पडदा आमच्या पडद्यासारखाच आखूड व्हावा! हा घोळ अखेर १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने मिटला. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान पद्धती अमलात आली, आणि गोरगरिबांनाही आपल्याला किती कापड मिळाले हे खात्रीने कळू लागले. एकच माप म्हणजे एकच न्याय, हे या सुधारणेचे मर्म होते.

आता इतिहासाने शिकविलेले हे शहाणपण आपल्या घरातील खिडकीला लावून पाहू. माझ्या लहानपणीची ती चौकट साधारण १२० सेंटिमीटर रुंद आणि १५० सेंटिमीटर उंच होती. माप नेहमी न ताणणाऱ्या, शक्यतो पोलादी फितीने घ्यावे. आणि जुन्या घरांत चौकट तिरपी असते म्हणून ते तीन ठिकाणी घेऊन त्यांतील मोठे धरावे. पहिला प्रश्न दांडीचा. ऊन कडेने येऊ नये म्हणून ती दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर पुढे न्यावी. म्हणजे रुंदी १५० झाली. कापड सपाट ताणले तर तो पडदा होत नाही, ती चादर होते; चुण्या पडावयाच्या तर दांडीच्या दुप्पट कापड हवे, आणि फार पातळ असेल तर अडीचपट. म्हणजे ३०० सेंटिमीटर. कापडाचा पन्हा १२० असेल तर अडीच पट्टे लागतात. दुकानदार अर्धा पट्टा देत नाही, म्हणून तीन धरावेत.

आता उंची. दांडी चौकटीच्या १५ सेंटिमीटर वर आणि पडद्याची कड चौकटीच्या १५ खाली, म्हणजे तयार पडदा १८० चा. वरच्या नेफ्यासाठी आणि खालच्या दुमडीसाठी मिळून २५. झाले २०५. कोरे सुती कापड आटते, त्यासाठी शेकडा ५ प्रमाणे १० धरावेत, आणि शक्य तर कापड बेतण्यापूर्वीच भिजवून वाळवावे. एकूण २१५, त्याचे तीन पट्टे म्हणजे सुमारे साडेसहा मीटर. मी बारा वर्षांच्या शहाणपणाने आणले होते अवघे तीन! नक्षी मोठी असेल तर फुलाशी फूल जुळविण्यासाठी आणखीही थोडे लागते. रंगाची पारख दुकानातील दिव्याखाली करू नये. कापड खिडकीशी धरून, प्रकाश पाठीमागून येऊ देऊन करावी, कारण पडद्याचे आयुष्य तसेच जावयाचे असते.

परंतु या सर्व हिशोबाच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. हा पडदा कशासाठी? उन्हासाठी, थंडीसाठी, नजरेसाठी की शेजाऱ्याला दाखविण्यासाठी? इंग्लंडच्या संसदेने तो विणकरांच्या तंट्याचे हत्यार केला, सरदारांनी प्रतिष्ठेचे लक्षण केला, आणि दोन्ही ठिकाणी त्या पडद्यामागे राहणाऱ्या माणसाला कोणी विचारले नाही. ज्या खोलीत जो वावरतो त्याला तेथे किती उजेड, किती वारा आणि किती एकान्त हवा आहे, हे पडद्याचे खरे माप. बाकीची बेरीज-गुणाकार शिंपीही करून देतो.

आमच्या त्या आखूड पडद्याचे पुढे काय झाले, हे सांगून रजा घेतो. आईने ट्रंकेतून आपले एक विरलेले माहेश्वरी लुगडे काढले. महेश्वरचे विणकाम अहिल्याबाईंच्या आश्रयाने भरभराटीस आले, हे आपण जाणताच. त्या लुगड्याचा काठ आणि त्यावरचा हातभर पट्टा तिने पडद्याच्या तळाशी जोडला. शिवण स्पष्ट दिसत होती. ती लपविण्याचा तिने प्रयत्नही केला नाही. ऊन अडले. संध्याकाळच्या वाऱ्यावर तो जरीचा काठ हलू लागला की खोलीभर एक सोनेरी रेघ हिंडत असे. पुढे पैसे आले, घर बदलले, पुष्कळ पडदे मी योग्य मापाने शिवून घेतले. पण कापडाच्या दुकानात उभा राहिलो की आजही हातातील फीत क्षणभर थांबते, आणि आईचा तो प्रश्न ऐकू येतो: माप खिडकीचे घेतलेस, पडद्याचे घेतलेस का?